चार भुंग्यांची एक आत्या

आईला कानाचं यंत्र घ्यायला तयार करण्यात आमची सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत दाराची बेल दोनदा बदलली आणि बाबांचं बोलणं निम्म्यावर आलं. एकच वाक्य तीनदा म्हणावं लागणार असेल, तर ते म्हणण्याच्या लायकीचं आहे का हे माणूस आधी तपासतो. बाबा तर तपासणी खात्यातलेच. पाण्याचे मीटर तपासण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, आणि त्यांनी नापास केलेला मीटर पुन्हा कुणाच्या नळाला लागला नाही. घरात शेवटी शेवटी ‘दार लाव’, ‘गोळी घेतलीस का’ आणि ‘कुणाचा फोन’ एवढीच वाक्यं पास होत होती.

आई तयार झाली ती मावशीमुळे. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, रोज संध्याकाळी पाच वाजता घरच्या वायरच्या फोनवर फोन करते. ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा ‘वा, छान’ म्हणणं सोपं, म्हणून आई बरीच वर्षं सगळ्यालाच ‘वा, छान’ म्हणत होती. एक दिवस मावशीने जिन्यावरून पडल्याची हकिकत साद्यंत सांगितली. आई म्हणाली, “वा, छान.” पुढचे चार दिवस पाच वाजता फोन वाजला नाही. पाचव्या दिवशी आईने मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, “चल, कुठे ते कान मिळतात तिथे.”

कानांच्या मॅडम तरुण होत्या आणि हळू बोलायच्या, बहुधा सवयीने. त्यांनी दाखवलं, की या यंत्रात माईक आहेच, शिवाय तारेची एक बारीकशी गुंडाळी आहे. फोनच्या रिसीव्हरमधून चुंबकत्व बाहेर पडतं, ते ही गुंडाळी थेट पकडते. मधली खरखर नाही, आजूबाजूचा गोंगाट नाही, मावशी थेट कानात. दोन्हींसाठी वेगळी बटणं होती, पण आईने आधीच बजावलं, “बटणं दाबायला लावणार असाल तर हे आत्ताच ठेवून घ्या.” तेव्हा माईक आणि गुंडाळी दोन्ही कायम चालू ठेवायचं ठरलं.

“साठ दिवस वापरून बघा, आजी,” मॅडम म्हणाल्या. “नाहीच जमलं तर परत करा. पण दिवसभर घालायचं. मेंदूला सवय लागली पाहिजे. जे लोक मधे मधे काढून ठेवतात, त्यांचं यंत्र शेवटी कपाटातच जातं. आणि रोज किती तास घातलंत, ते यंत्र स्वतः लिहून ठेवतं बरं का.”

“म्हणजे चहाडखोर आहे,” आई म्हणाली.

घरी आलो तेव्हा चार वाजत आले होते. चार ते सहा ही बाबांची वेळ. बाबांकडे चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर आहे. कीबोर्डच्या आतच सगळा संसार असलेला, रबराच्या बटणांचा. त्याला पडदा म्हणून मागे पोट सुटलेला एक चौदा इंची टीव्ही, आणि वीज पुरवायला विटेएवढा एक काळा ठोकळा. हे सगळं बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला असतं. दुसऱ्या टोकाला आईची खुर्ची, तिच्यामागे भिंतीला फोन. आतली खोली पलंग आणि कपाट यांनी परस्पर वाटून घेतलेली आहे. म्हणजे या घरात कुठलीही वस्तू दुसऱ्या वस्तूपासून लांब ठेवायची म्हटली तर ती घराबाहेर ठेवावी लागते.

बाबांनी सवयीने बटण दाबलं. आईने दोन्ही हातांनी कान धरला.

“बंद करा! माझ्या डोक्यात कुणीतरी गिरणी टाकलीय!”

बाबांना वाटलं यंत्र बिघडलं. मला वाटलं आई नाटक करतेय. दोन्ही अंदाज चूक होते. गुंडाळी बिचारी इमानदार होती. तिला फोनमधलं चुंबकत्व पकडायला सांगितलं होतं, टीव्हीतलं पकडू नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. आईने यंत्र काढलं, डबीत ठेवलं, आणि एकदा डबीत गेलेलं यंत्र दुसऱ्या सकाळपर्यंत बाहेर आलं नाही. पाच वाजता मावशीचा फोन आला. आई म्हणाली, “वा, छान.”

असं रोज होऊ लागलं, आणि संध्याकाळी गिरणीच ऐकायची तर सकाळपासून कशाला घाला, म्हणून आई दिवसाही यंत्र जेमतेम घालू लागली. पंधराव्या दिवशी मॅडमनी चहाडी वाचली: रोजची सरासरी पन्नास मिनिटं.

“गुंडाळी बंद करून देऊ का?” त्यांनी विचारलं.

“मग फोन?”

“फोन पूर्वीसारखा.”

“मग सगळंच पूर्वीसारखं,” आई म्हणाली. “साठ दिवस झाले की घेऊन टाका परत. मला तसंही फार काही ऐकायचं राहिलेलं नाही.”

हे ती सहज म्हणाली, पण बाबांनी ते सहज घेतलं नाही. घरी आल्यावर त्यांनी आलेखाचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि मला म्हणाले, “रविवारी ये. गळती शोधायचीय.”

माझं काम मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं. म्हणजे माझी पुस्तकं लाखांनी छापली जातात आणि कुणी वाचत नाही. पण त्यामुळे घरात मी यंत्रांमधला जाणकार समजला जातो. या जाणकाराने बाबांना सत्तराव्या वाढदिवसाला त्या कॉम्प्युटरला लावायचं एक मेमरी कार्ड भेट दिलं होतं. पूर्वी त्या कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम भरायचा तर कॅसेट लावावी लागे. टेपरेकॉर्डर नऊ मिनिटं किंचाळत राही आणि तेवढं सगळं ऐकून झाल्यावर कॉम्प्युटर कामाला लागे. माझ्या कार्डाने तेच काम दोन सेकंदांत व्हायला लागलं. टेपरेकॉर्डर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. ‘आता तुमचा किती वेळ वाचेल बघा,’ असं मी तेव्हा म्हटलेलं मला आठवतं. बाबा ‘हो’ म्हणाले होते.

तर रविवारी गळतीचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा मी माझं ज्ञान चालवलं. स्वयंपाकघरातल्या चांदीच्या कागदाचा अख्खा रोल टीव्हीला आणि काळ्या ठोकळ्याला गुंडाळला. ते सगळं एखाद्या बुटक्या अंतराळवीरासारखं दिसायला लागलं, आणि ठोकळा इतका तापला की त्यावर इस्त्री झाली असती. आईने यंत्र कानात घातलं.

“काय फरक?”

“पूर्वी गिरणी होती. आता चकचकीत गिरणी आहे.”

बाबांनी कागद सोडवून नीट घडी करून ठेवला. “हे कागदाने अडणारं पाणी नाही,” ते म्हणाले. “आधी मोजायला पाहिजे. कुठून किती गळतंय ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.”

मोजायला आमच्याकडे काहीच नव्हतं. म्हणजे असं मला वाटलं. बाबा आईकडे बघत होते.

“तू जरा टेबलाभोवती फिरतेस का?”

“का? ओवाळायला?”

“अगं, तुझ्या कानात जे आहे ना, ते मीटरच आहे. तू फक्त कुठे किती वाजतंय ते सांग. मी लिहितो.”

लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी बाबांनी पहिल्यांदाच आईला त्या कॉम्प्युटरच्या कामात बोलावलं होतं. आई पदर खोचून उठली. पहिल्या फेरीतच तिने एक शोध लावला: मान उजवीकडे कलवली की आवाज पडतो, सरळ केली की वाढतो. बाबांना इतका आनंद झाला, की त्यांनी चष्मा काढून पुसला. “बरोबर! गुंडाळी आडवी झाली की पकडत नाही. म्हणजे ठोकळा फिरवला तरी तेच होईल!” त्यानंतर तासभर आई वाकडी मान करून टेबलाभोवती फिरत होती आणि बाबा तिच्या मागे पट्टी घेऊन. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

प्रश्न आला एककाचा. “जास्त” आणि “खूप” यावर बाबा समाधानी नव्हते.

“नेमकं सांग. कशासारखं?”

“इथे डास.” आई फोनपाशी उभी होती. दोन पावलं पुढे आली. “इथे माशी.” टेबलाजवळ आली. “हा भुंगा.” मग टीव्हीच्या कुशीशी वाकली आणि झटकन मागे झाली. “आणि इथे तुमची बहीण.”

मी कागदावर ‘आत्या’ असं लिहिलं. बाबांनी ते वाचलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “म्हणजे साधारण किती भुंगे?”

“चार तरी.”

‘१ आत्या = ४ भुंगे,’ असं बाबांनी समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. तपासलेल्या प्रत्येक तक्त्यावर ते सही करतात. आत्या हयात आहे, ठणठणीत आहे, आणि तिच्या कानावर हे अजून गेलेलं नाही. ते जाण्यासाठी तिला आधी बोलायचं थांबावं लागेल.

पुढचे तीन रविवार असेच गेले. काळा ठोकळा जाड पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात गेला, डब्याला भोकं पडली, डबा काटकोनात फिरला, आणि भुंग्याचा डास झाला. आईने टाळ्या वाजवल्या. पण टीव्ही काही बधेना. त्याच्याभोवती तीन हातांवरही माशी होती आणि आईची खुर्ची दोन हातांवर. मी एक नवा चपटा पडदा आणला. तो त्या जुन्या कॉम्प्युटरशी बोलेना, म्हणून मध्ये एक दुभाषा डबी आणली. चालू केल्यावर आईने एकच निकाल दिला: “आत्या, आणि तिच्या मागोमाग तिची जाऊ.” दुभाषा डबी परत गेली.

चौपन्नाव्या दिवशी मी दुपारी चारला गेलो, तेव्हा टेबलाचं ते टोक रिकामं होतं. जिथे टीव्ही असायचा तिथे लाकडाचा रंग वेगळा, ताजा दिसत होता. कॉम्प्युटर, टीव्ही आणि बिस्किटाचा डबा दारापाशी चादरीत बांधून ठेवलेले. बाबा खिडकीशी बसले होते आणि हातात काही नसलेला माणूस जसा हाताकडे बघतो तसे बघत होते.

“तुझ्याकडे घेऊन जा,” ते म्हणाले. “नाहीतर कुणाला हवं असेल त्याला दे.”

“बाबा, पण—”

“मोजून झालंय. टीव्हीची गळती थांबत नाही. जो मीटर दुरुस्त होत नाही तो काढायचा असतो. त्यात काय एवढं.”

आई आतून आली. कानात यंत्र होतं. तिने टेबल पाहिलं, मग गाठोडं पाहिलं.

“हे कशाला बांधलंत?”

“तुझ्या कानासाठी.”

“आणि मग मी कानाने काय ऐकू? रिकामं टेबल?”

आई खुर्चीत बसली. कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, “पूर्वी नव्हतं हे असं. पूर्वी तुम्ही हे लावलंत की घर शांत व्हायचं.”

“शांत?” मी म्हटलं. “आई, तो टेपरेकॉर्डर किंचाळायचा. मला गॅलरीत बसून अभ्यास करावा लागायचा.”

“ते किंचाळायचं. पण बाकी सगळं बंद असायचं.” ती बाबांकडे वळली. “सांगा की त्याला.”

बाबांनी सांगितलं. टेपरेकॉर्डरचं डोकं म्हणजे सुद्धा तारेची एक गुंडाळीच. जवळ टीव्ही चालू असला की तिला टेपवरचं ऐकू येत नाही, टीव्हीच ऐकू येतो. आणि आईचं शिवणाचं मशीन चाललं की त्याच्या मोटरच्या ठिणग्या वायरीतून यायच्या. आई तेव्हा शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम घरी करायची. सातव्या मिनिटाला तिने पायाखालचं बटण दाबलं की सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्या दोघांत एक तह झाला होता. कॅसेट लागली की टीव्ही बंद, मशीन बंद, पंखाही बंद. नऊ मिनिटं कुणी कशाला हात लावायचा नाही.

“मग तुम्ही करत काय होतात नऊ मिनिटं?” मी विचारलं.

“काय करणार?” आई म्हणाली. “हात बांधलेले. बोलत बसायचो.”

मला माझं कार्ड आठवलं. दोन सेकंद. तुमचा किती वेळ वाचेल बघा.

“तुझी आणि त्या टेपची गुंडाळी एकाच जातीची,” बाबा आईला हळूच म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी लक्षात आलं असावं, कारण ते उठून उभे राहिले.

“म्हणजे आता मी तुमच्या सामानात जमा,” आई म्हणाली. “रेकॉर्डर कुठंय तो?”

मी माळ्यावर चढलो. टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या चाकाशेजारी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. बाबांनी अनेक दिवस प्रयोग करून ठरवलेली ती जागा. चाकाची रेघ बरोबर ठिपक्यावर असली तरच कॅसेट सुरळीत भरली जायची. रेघ किंचित खाली गेली, की शेवटच्या मिनिटांत कुठेतरी अडकायची. बाबांनी गाठोडं सोडलं, सगळं जोडलं, आणि कपाटातून एक कॅसेट आणली. टीव्ही बंदच ठेवला. रेघ ठिपक्यावर आणली. बटण दाबलं.

आधी एक लांब शिट्टी, मग ती ओळखीची खरखर. आईने मान सरळ ठेवली.

“किती?” बाबांनी विचारलं.

“डास. तोही लांबचा.” मग ती त्यांच्याकडे बघत राहिली. “तुमचा आवाज बदललाय.”

“वय झालं.”

“नाही. मऊ झालाय. मी आपली इतके दिवस तुम्हाला ओरडतानाच ऐकत होते.”

“ओरडत नव्हतो. तुला ऐकू जावं म्हणून—”

“कळतंय हो. म्हणून तर सांगतेय.” तिने कॅसेटकडे बोट केलं. “हे काय लावलंत?”

“तुझाच प्रोग्रॅम. कापडाचा. छाती आणि उंची घातली की किती कापड लागेल ते सांगणारा. तुझ्यासाठी केला होता.”

“तो होय. तो चुकीचा होता.”

बाबा कॅसेटवरून नजर काढून आईकडे वळले. “काय चुकीचं?”

“बाह्यांना कापड कमी सांगायचा. पूर्ण बाहीला तर फारच. पहिल्याच गणवेशाला मला ठिगळ द्यावं लागलं. नंतर मी आपली बोटांनीच मोजायचे आणि तुमच्यासमोर त्या पडद्याकडे बघून मान डोलवायचे.”

“चाळीस वर्षं? आणि सांगितलं नाहीस?”

“तुम्ही इतक्या हौसेने केलेलं. आणि सांगायला बसले असते तर नऊ मिनिटं पुरली नसती.”

ज्या माणसाने पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे मीटर नापास केले, त्याचा स्वतःचा पहिलाच प्रोग्रॅम त्याच्या बायकोने नापास करून, बोभाटा न करता चालू ठेवला होता. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते दुखावतील असं वाटलं. ते हसत होते, अगदी खांदे हलेपर्यंत. “पूर्ण बाही,” ते म्हणाले. “शिवण धरायची राहिली असणार. अर्धा अर्धा इंच दोन्हीकडे.”

“एक एक,” आई म्हणाली. “लिहा.”

पाच वाजता मावशीचा फोन आला तेव्हा कॅसेट संपली होती, पण टीव्ही अजून कुणी लावला नव्हता. आईने रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाली, “पडलीस तेव्हा नक्की कुठल्या पायरीवरून? नीट सांग. परत पहिल्यापासून.”

साठाव्या दिवशी मॅडमनी चहाडी वाचली. आधी स्वतःशी, मग मोठ्याने. शेवटच्या आठवड्याची सरासरी सात तास. “आजी, काय जादू केलीत? तो घरातला त्रास गेला का?”

“नाही,” आई म्हणाली. “तो आहे. त्याची वेळ ठरवून घेतली.” मग डबी पर्समध्ये टाकत म्हणाली, “हे आता माझंच.”

त्यालाही दोन महिने झाले. परवा मी चारला गेलो. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले होते, टीव्ही बंद, पंखा बंद, टेप चालू. मावशीला आता सहाची वेळ दिली आहे. आई जिन्याच्या पायऱ्यांबद्दल काहीतरी सांगत होती, बाबा ऐकत होते. मी टेबलापाशी बसलो आणि सहज विचारलं, “बाबा, बाहीचं झालं का दुरुस्त?”

“केव्हाच. एक आकडा होता.”

“मग आता काय भरताय?”

“तेच.”

तेवढ्यात खरखर मध्येच वाकडी झाली आणि थांबली. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. “सातव्या मिनिटाला अडकली,” ते म्हणाले. “जुनी टेप आहे.” आणि कुठलीही घाई न करता ती उलटी गुंडाळायला लावली.

मी टेपरेकॉर्डर जवळ ओढला. टेपमध्ये काही बिघाड नव्हता. आवाजाच्या चाकाची रेघ लाल ठिपक्याच्या खाली होती, केसाच्या जाडीएवढी, पण खाली. बाबांसारख्या माणसाची रेघ ठिपक्यावरून हलते आणि त्यांना कळत नाही, हे मला पटेना. पण जाणकार माणूस पटण्यासाठी थांबत नाही. रेघ जागेवर आणायला मी हात पुढे केला.

“हात लावू नकोस,” आई म्हणाली.

बाबा कॅसेटच्या खिडकीत फार लक्ष देऊन बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी हात मागे घेतला. टेप सुरुवातीला येऊन खट्कन थांबली. बाबांनी बटण दाबलं, लांब शिट्टी सुरू झाली, आणि आईने मान सरळ केली.

“हं,” ती म्हणाली, “तर तिसऱ्या पायरीवर काय झालं...”